तिघांचे काम एकाकडे : ड्रमसेटचा इतिहास आणि नवशिक्याची निवड

ज्या घरातले मूल तबला शिकतो म्हणते त्या घरात फारसा खल होत नाही. जोडी कोठे मिळते हे कोणास ना कोणास ठाऊक असते, शिकवणारे गुरुजी दोन गल्ल्या टाकून राहत असतात, आणि चुंबळींवर दोन वाद्ये बसवण्यास सतरंजीचा एक कोपरा पुरतो. पण तेच मूल ड्रमसेट मागू लागले म्हणजे साऱ्या घरापुढे प्रश्नांची रांग उभी राहते. तो ठेवायचा कोठे? खालच्या मजल्यावरचे काय म्हणतील? चार-पाच ढोल आणि तीन-चार झांजा यांतले प्रथम घ्यायचे काय, मागाहून काय? आणि अलीकडे या रांगेत सर्वांच्या पुढे येऊन बसलेला प्रश्न असा की, खरोखरीचा सेट घ्यावा, की रबराच्या चकत्यांचा, कानाला यंत्र लावून ऐकावयाचा विजेवरचा सेट घ्यावा?

या प्रश्नाचे उत्तर दुकानदार तत्काळ देतो. दुकानात जे शिल्लक असेल त्यावर ते पुष्कळसे अवलंबून असते. आम्ही तोच प्रश्न इतिहासाला विचारून पाहणार आहोत. कारण ड्रमसेट या वाद्याची गंमत अशी की, ते कोणा एका कारागिराने योजून घडवलेले नाही. जागेची टंचाई, पगाराची टंचाई आणि भोवतालच्या लोकांची सहनशक्ती या तीन गोष्टींनी ते हळूहळू जमवले आहे. आज नवशिक्याच्या घरात ज्या अडचणी उभ्या राहतात त्या या वाद्याला नव्या नाहीत. त्याच अडचणींच्या पोटी ते जन्मास आले.

त्याचे अवयव निरनिराळ्या देशांतून आले. तळाशी तारा ताणलेला स्नेअर हा युरोपातील पायदळाचा ताशा. मोठा बेस ड्रम आणि झांजा युरोपात रूढ झाल्या त्या तुर्की लष्करी वाद्यवृंदाच्या अनुकरणाने. अठराव्या शतकात हे तुर्की वादन व्हिएन्नापर्यंत इतके लोकप्रिय झाले होते की, मोझार्टने १७८२ साली रंगभूमीवर आणलेल्या एका संगीतिकेत बेस ड्रम, झांज आणि त्रिकोणी घंटा मुद्दाम तुर्की रंग भरण्यासाठी योजली. ज्या झिल्डजियन घराण्याच्या झांजा आज जगभर वाजतात ते मूळचे कॉन्स्टँटिनोपलचे आर्मेनियन घराणे. आपल्या व्यवसायाचा आरंभ ते १६२३ सालापासून मोजते. त्यांच्या आडनावाचा अर्थच मुळी ‘झांज करणाऱ्याचा वंशज’ असा आहे. झांजेची धातू सुमारे ८० भाग तांबे व २० भाग कथील, म्हणजे आपले कांसेच. देवळातील घंटा आणि भजनातले टाळ ज्या जातीच्या मिश्रधातूचे, त्याच जातीची ही वस्तू, हे ध्यानात असलेले बरे. पुढे खरेदीच्या वेळी ते उपयोगी पडेल.

अमेरिकेत यादवी युद्धानंतर गावोगावी पितळी वाद्यांचे बँड निघाले. न्यू ऑर्लिन्स शहरात मिरवणूक असो, सहल असो वा अंत्ययात्रा असो, बँड हवाच. रस्त्यावर चालताना एक इसम गळ्यात स्नेअर अडकवी, दुसरा बेस ड्रम वाही आणि त्यावर बसवलेली झांज वाजवी. कोठे झांजेला तिसरा असे. मोकळ्या रस्त्यावर तिघांना जागेची ददात नव्हती. पण हाच बँड नाचघरात किंवा नाटकगृहाच्या रंगमंचापुढील खळग्यात जाऊन बसला, तेव्हा तिघे मावेनात. आणि मावले तरी मालक तिघांचे पैसे देईना. मग एकाच वादकाने बेस ड्रम उजव्या हाताशी आणि स्नेअर समोर खुर्चीवर ठेवावा, काठीचा एक टोला बेसवर मारून तीच काठी झटकन स्नेअरवर आणावी, अशी रीत पडली. एकाच हाताची अशी धावपळ हा मोठा कसरतीचा प्रकार होता. संथ चालीत तो निभे. रॅगटाइमसारखी चपळ, आडवळणी लय आली तेव्हा हात अपुरा पडू लागला.

तेव्हा पायाकडे लक्ष गेले. पायाने बेस ड्रम वाजवण्याच्या युक्त्या त्यापूर्वीही निघाल्या होत्या, पण त्या बोजड होत्या. शिकागोच्या नाटकगृहांत वाजवणाऱ्या विल्यम लुडविग याने १९०९ साली चपळ, जमिनीवर बसणारे, घडी घालून नेता येईल असे पायपेडल तयार केले आणि भावाबरोबर कारखाना काढला. ड्रमसेटचा जन्म कोणत्या दिवशी झाला असे कोणी हटकून विचारलेच, तर आम्ही या पेडलकडे बोट दाखवू. त्या दिवसापासून एका माणसाच्या हातापायांची वाटणी बदलली. तिघांचे काम एकाकडे आले. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट त्याच्याकडे आली, तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. तीन माणसे वाजवीत होती तेव्हा कोणाचा आवाज किती मोठा असावा, हे तिघांनी एकमेकांचे ऐकून ठरवावयाचे होते. आता तो तोल एकाच शरीरात सांभाळणे आले. उजवा पाय जोराचा पडला तर डावा हात बुडतो, झांजेवरचा हात बेफाम झाला तर सारेच बुडते. तबला शिकवणारे गुरुजी दाया-बायाच्या तोलाविषयी जे वर्षानुवर्षे बजावीत असतात, तेच येथे दोन हात आणि दोन पाय मिळून चारांच्या बाबतीत करावे लागते. ही विद्या ड्रमसेटबरोबरच जन्मली. आमच्या लेखाचा सारा भर तिच्यावर आहे.

मूकपटांचा काळ हा ड्रमवाल्यांचा सुगीचा काळ. पडद्यावर घोडा धावला की लाकडी ठोकळ्यांवर टापा, आगगाडी आली की शिटी, वीज चमकली की बेस ड्रमवर गडगडाट. चिनी वस्तीतून आलेले, रंगीत चित्रे काढलेले आणि खिळ्यांनी कातडे ठोकलेले टॉम, गाईच्या गळ्यातल्या घंटा, मंदिरातले पोकळ ठोकळे असा सारा भंगारबाजार त्या काळच्या सेटभोवती टांगलेला छायाचित्रांत दिसतो. मग ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ हा बोलका चित्रपट आला, आणि थोड्याच वर्षांत नाटकगृहांच्या खळग्यांतले हजारो वादक घरी बसले. यंत्राने ड्रमवाल्याची भाकरी हिरावून घेण्याचा हा पहिला प्रसंग. शेवटचा तो नव्हता.

जे टिकले ते नाचगाण्याच्या बँडमध्ये टिकले, आणि त्यांनी भंगार टाकून सेट सुटसुटीत केला. पायाने दोन झांजा एकमेकींवर आपटणारे बुटके यंत्र होते. विसाच्या दशकात त्याची दांडी उंच करून हाताच्या टप्प्यात आणली, तीच हाय-हॅट. काउंट बेसीच्या बँडमध्ये जो जोन्स याने लयीचा प्रवाह या हाय-हॅटवर वाहता ठेवला. १९४०च्या सुमारास केनी क्लार्क याने तो उजवीकडच्या मोठ्या झांजेवर नेला आणि बेस ड्रमला ठराविक ठोक्यांच्या चाकरीतून मोकळे केले. या दोघांच्या मध्ये जीन क्रुपा येतो. बेनी गुडमनच्या बँडमधला हा देखणा, घामाघूम होऊन वाजवणारा तरुण १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून गेला, त्यानंतर ड्रमवाला हा मागच्या रांगेतला नोकर राहिला नाही. स्लिंगरलँड कंपनीने त्याच्यासाठी दोन्ही बाजूंनी सुरात लावता येतील असे टॉम केले. एक बेस, एक स्नेअर, एक लहान टॉम, एक जमिनीवरचा टॉम आणि झांजा अशी जी मांडणी त्याच्यामुळे रूढ झाली, तीच आजही दुकानात चार नगांचा सेट म्हणून मिळते.

एक अडचण मात्र चामड्याची होती. दमट हवेत वासराचे कातडे सैल पडे, कोरड्या हवेत ताणून फाटे. पावसाळ्यात तबल्याची पुडी कशी उतरते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगावयास नको. १९५७च्या सुमारास रेमो बेली आणि चिक इव्हान्स यांनी प्लॅस्टिकची पाने बाजारात आणली. काही जुन्या जाणकारांनी नाक मुरडले. आवाजातला ओलावा गेला म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, पण सेट स्वस्त झाला, टिकाऊ झाला आणि कोणत्याही हवामानात वाजू लागला. मग ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी बीटल्सना पाहिले; रिंगो स्टारच्या बेस ड्रमवर ‘लुडविग’ हे नाव ठळक दिसत होते. पोरांनी घरोघर हट्ट धरले. पहिला ड्रमसेट कोणता घ्यावा हा कौटुंबिक प्रश्न, जो आज आपल्याकडे आला आहे, तो त्या देशात त्या रात्री मोठ्या प्रमाणावर सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही. जाता जाता एक सांगावेसे वाटते. रिंगो डावखुरा होता आणि उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवीत होता. त्याच्या वादनातली काही चमत्कारिक वळणे त्यातूनच आली. तेव्हा डावखुऱ्या मुलाच्या आईबापांनी घाबरू नये.

आपल्याकडे हे वाद्य आले ते मुंबईच्या हॉटेलांतून. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकाराचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवण्यास आला, त्यामागून आणखी आले. त्यांच्या शेजारी बसून शिकले ते मुख्यतः गोव्याचे लोक. गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांत स्वरलिपी शिकवीत, त्यामुळे कागदावरचे संगीत त्यांना वाचता येई. पुढे हॉटेलांतले काम कमी होत गेले, तशी ही मंडळी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळली. १९५१च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांनी जे संगीत दिले त्यात चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवाल्याचा आणि त्याच्या साथीदारांचा वाटा मोठा होता. पारशी समाजातले कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुजी यांनी तर तालवाद्यांच्या या शाखेत हिंदी चित्रपटसंगीताची दोन पिढ्या सेवा केली. ज्या गाण्यांना आपण निव्वळ ढोलकीची म्हणून मान डोलावतो, त्यांतल्या कित्येकांच्या तळाशी या लोकांचे ब्रश आणि झांजा हळू चालू असतात. कोणी मुद्दाम कान देऊन ऐकावे.

विजेच्या ड्रमचा इतिहास त्यामानाने धाकटा. १९७१ साली मूडी ब्ल्यूज या इंग्रज मंडळाच्या ग्रॅम एज याने एका प्राध्यापकाच्या मदतीने असा सेट करविला होता, पण तो प्रयोगशाळेतलाच जीव. १९८१ साली इंग्लंडात डेव्ह सिमन्स याचा षट्कोनी पॅडांचा सेट आला आणि त्या दशकाच्या साऱ्या नाचगाण्यांवर त्याची छाप पडली. हे पॅड दगडासारखे कठीण. वाजवणाऱ्यांची मनगटे दुखू लागली. त्याच सुमारास, १९८० साली, दोन यंत्रे निघाली ज्यांना वादकच लागत नव्हता : रॉजर लिन याचे खऱ्या ड्रमचे ध्वनी साठवलेले यंत्र आणि रोलँड या जपानी कंपनीचे टीआर-८०८. बोटाने कळा दाबून ताल रचावा, आणि यंत्राने तो न थकता वाजवावा. १९२७चा प्रसंग पुन्हा आला.

महाराष्ट्रात मात्र या यंत्रयुगाने निराळेच रूप घेतले. रोलँडने १९८५ साली आठ चौकोनी रबरी पॅडांची एक पेटी काढली. तिचे ऑक्टोपॅड हे नाव आज खेड्यापाड्यांतही कळते. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो, हळदीचा कार्यक्रम असो, की लावणीचा फड असो, रंगमंचाच्या एका अंगाला उभा राहून पॅड वाजवणारा तरुण दिसणारच. तो ढोलकी काढतो, डफ काढतो, ड्रमसेट काढतो, मध्येच विजेचा कडकडाटही काढतो. सारे सामान एका पिशवीत मावते आणि बिदागी एकाची द्यावी लागते. न्यू ऑर्लिन्सच्या नाटकगृहाच्या मालकाने जो हिशेब केला, तोच आपल्या मंडळांच्या खजिनदारांनी केला! या हिशेबात काही ढोलकीवाले आणि ताशेवाले बाजूला पडले हे खरे. त्याचबरोबर ज्यांच्या घरी ड्रमसेट ठेवावयास जागा नव्हती, विकत घेण्यास पैसा नव्हता, अशा कितीतरी पोरांना याच पेटीने रंगमंचावर उभे केले, हेही खरे.

हातापायांनी बसून वाजवण्याचा, पूर्ण आकाराचा विजेवरचा सेट घरगुती अभ्यासाला योग्य झाला तो १९९७ नंतर. त्या वर्षी रोलँडने रेमो कंपनीच्या साह्याने जाळीदार पाने बसवलेला सेट काढला. ताणलेल्या जाळीवर काठी उसळते आणि आवाज जवळजवळ होत नाही. पानाखाली एक लहान चकती असते. आघात झाला की तिच्यात विजेचा सूक्ष्म दाब उत्पन्न होतो. शेजारची पेटी तो मोजते, कोणत्या जागी किती जोराचा आघात झाला ते ठरवते आणि आधी मुद्रित केलेल्या ध्वनींतून जुळणारा ध्वनी कानयंत्रात सोडते. हे सारे सेकंदाच्या काही सहस्रांशांत घडते.

येथे मूळ प्रश्नाकडे परत यावयास हवे. विजेचा सेट खोटा आणि दुसरा खरा, अशी मांडणी करणारे पुष्कळ आहेत. ती आम्हांस मान्य नाही. प्लॅस्टिकच्या पानांच्या वेळीही हेच म्हटले गेले होते. साध्या सेटचा आवाज बंद खोलीत १०० डेसिबलच्या सहज वर जातो. कामगारांच्या आरोग्याचे अमेरिकेत जे मानक सुचवले आहे त्यानुसार ८५ डेसिबल आठ तास चालतो, पण १०० डेसिबल दिवसात केवळ पंधरा मिनिटे. गेलेले श्रवण परत येत नाही. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. म्हणजे दोन खोल्यांच्या सदनिकेत साधा सेट ठेवणे हा शेजाऱ्यांशी, कायद्याशी आणि स्वतःच्या कानांशी एकदम तीन भांडणे काढण्याचा मार्ग आहे. सेट आणून तो न वाजवता धूळ खात ठेवावा लागला, आणि वर्षभरात विकला, असे ज्या घरांत झाले त्या घरांतल्या पोराचे वादन तेथेच संपले. त्यापेक्षा विजेचा बरा.

पण त्याने शिष्याकडून काय काढून घेतले जाते, तेही सांगितलेच पाहिजे. आवाजाचा कस कमी, ही तक्रार दुय्यम आहे. पेट्या वर्षागणिक सुधारत आहेत. मुख्य गोष्ट तोलाची. साध्या सेटवर हाय-हॅट कर्कश झाली तर हात आवरावा लागतो, बेस ऐकू येत नसेल तर पाय घटवावा लागतो. खोली लगेच उत्तर देते, आणि ते उत्तर शिक्षकापेक्षा निष्ठुर असते. विजेच्या सेटवर बेस दुबळा वाटला तर खुंटी फिरवली की तो दणदणीत होतो. पाय होता तसाच राहतो. तिघांचे काम एकाकडे आले तेव्हा जी विद्या जन्मली, नेमकी तीच विद्या पेटी आपल्याकडे घेते. तीही इतक्या सौजन्याने की, विद्यार्थ्याला पत्ता लागत नाही. दोन वर्षे घरी सफाईने वाजवणारा मुलगा प्रथमच खऱ्या सेटवर बसतो तेव्हा गायकाचा शब्दही ऐकू येत नाही, याचे कारण हे.

दुसरी उणीव पृष्ठांची. खऱ्या स्नेअरवरून काठी झटकन परतते, जमिनीवरच्या टॉमचे पान सैल असते आणि तेथे मनगटाने काठी उचलावी लागते. जाळी मात्र सगळीकडे सारखीच उसळते, आणि हाताला फुकटचा वेग देते. झांजेचे तर विचारूच नये. खऱ्या झांजेवर दुसरा आघात पडतो तो आधीच थरथरणाऱ्या धातूवर. आवाज साचत जातो, फुलतो. सतारीच्या तरफा जशा न छेडता गुंजतात, तशा टॉम वाजवला की स्नेअरच्या तारा आपोआप झिणझिणतात, आणि त्या झिणझिणीसकट वाजवायला शिकावे लागते. पेट्या याची नक्कल करतात, चांगल्या पेट्या चांगली करतात, परंतु पहिल्या खरेदीच्या किमतीत त्या बसत नाहीत.

तेव्हा कोणी आमचा सल्ला विचारला तर तो असा. आरंभीचे चार-सहा महिने रबराची एक सरावाची चकती, काठ्यांची एक जोडी आणि ठोके मोजणारे मेट्रोनोम, एवढ्यावर काढावे. हात तेथेच घडतो, आणि हौस खरी की क्षणाची हेही तेथेच कळते. नंतर स्वतंत्र घर किंवा शेतावरचा वाडा असेल तर वापरलेला चार नगांचा साधा सेट घ्यावा. टॉमची संख्या पाहू नये. क्रुपाला चार नग पुरले. पिंपे साधी असली तरी चालतात, नवी पाने चढवून आणि सुरात लावून त्यांना बोलके करता येते. पण झांजा स्वस्त पितळी पत्र्याच्या असल्या तर त्यांना कोणीही सुधारू शकत नाही. म्हणून पैसा राखावा तो कांशाच्या झांजा, बरे पेडल आणि न डगमगणारे आसन यांसाठी. सदनिकेत राहणाऱ्याने विजेचा सेट घ्यावा, निदान स्नेअरचे पॅड तरी जाळीचे असावे, सारे आवाज शिक्षकाकडून एकदा लावून घ्यावेत आणि मग त्या खुंट्यांना हात लावू नये. त्याच्या जोडीला आठवड्यातून एक तास तरी साध्या सेटवर बसावे. मुंबई-पुण्यात तासाच्या भाड्याने सरावाच्या खोल्या मिळतात. तेथे कानांत बोळे घालून जावे आणि शक्य तर गाणाऱ्या मित्राला बरोबर न्यावे.

एवढे करूनही खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येतीलच. विजेच्या सेटचा आवाज कानयंत्रात राहतो, पण पेडलचा धक्का जमिनीतून खाली उतरतो, आणि मध्यरात्री छतावर कोणी मुसळ आपटीत आहे असे त्यांना वाटते. त्यावर जगभरचे ड्रमवाले एक घरगुती उपाय करतात. प्लायवुडच्या दोन फळ्या घ्याव्यात, त्यांच्यामध्ये वापरलेले टेनिसचे चेंडू खाचा पाडून बसवावेत, वर सतरंजी टाकावी आणि तिच्यावर सेट मांडावा.